एका साक्षीने निदान होत नाही

औंढा नागनाथ म्हटले की महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात ज्योतिर्लिंगाचे प्राचीन मंदिर डोळ्यांपुढे येते. नामदेव महाराजांसाठी देऊळ फिरल्याची कथा आठवते, विसोबा खेचरांची भेट आठवते. नामदेवांचे नर्सी हे गावही आमच्याच हिंगोली जिल्ह्यातले. गेल्या काही वर्षांत मात्र औंढ्याच्या नावाला आणखी एक ओळख जोडली गेली आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा औंढा तालुक्यात उभी राहत आहे. आमच्याकडच्या बोलण्यात तिचे नाव ‘लिगो’.

हिंगोलीत दवाखाना सुरू करून मला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. रक्तदाब मोजण्यासाठी दंडाला पट्टा बांधला की आमचे ज्येष्ठ रुग्ण हटकून बोलू लागतात. पाऊस, हळदीचा भाव, नातवाची नोकरी हे नेहमीचे विषय. अलीकडे त्यांत लिगोची भर पडली आहे. औंढ्याकडच्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याने मला सरळच विचारले, “बाई, अमेरिकेचं मशीन इथं आणून आभाळातलं काय ऐकायचंय म्हणे? त्यानं आमच्या गुडघ्याला काय फरक पडायलाय?”

प्रश्नात थट्टा होती, तसा रास्त हिशेबही होता. ज्या जिल्ह्यात आजही गंभीर आजारासाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबादची वाट धरावी लागते, तिथल्या माणसाने असे विचारणे स्वाभाविक आहे. मी भौतिकशास्त्रज्ञ नव्हे. पण या प्रश्नाचे जे उत्तर मला सापडत गेले, ते माझ्या व्यवसायाच्या फार जवळचे निघाले. म्हणून ते या पाक्षिकाच्या ज्येष्ठ वाचकांपुढे आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या कुटुंबीयांपुढे मांडावेसे वाटते.

प्रथम या यंत्राविषयी. दोन प्रचंड वस्तू, उदाहरणार्थ दोन कृष्णविवरे, एकमेकांभोवती फिरत एकरूप झाली की अवकाशातच तरंग उठतात. त्यांनाच गुरुत्वीय लहरी म्हणतात. आइन्स्टाइन यांनी १९१६ साली त्यांचे भाकीत केले. ते तरंग पकडण्यासाठी चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या काटकोनात मांडतात. त्यांच्या टोकांना आरसे असतात आणि मधून लेझरचा किरण जा-ये करतो. लहर येऊन गेली की एका भुजेची लांबी किंचित वाढते आणि दुसरीची घटते. हा फरक अणुकेंद्रातल्या प्रोटॉनपेक्षाही कितीतरी पटींनी लहान असतो.

इतके हळवे यंत्र कशानेही दचकते. दूरवरून जाणारा मालट्रक, समुद्राच्या लाटा, जमिनीचा बारीक हादरा, सगळेच त्यात उमटते. म्हणून जमीन शांत हवी, आणि पुष्कळ शोधानंतर औंढ्याची जागा निवडली गेली. इथल्या रहिवाशांना यात थोडी गंमतही वाटते. वसमत, कळमनुरी, औंढा या भागांत जमिनीखालचे गूढ आवाज कित्येक वर्षांपासून ऐकू येतात, आणि २०२४ च्या मार्च व जुलै महिन्यांतले ४.५ तीव्रतेचे धक्के तर अनेकांनी अनुभवले. त्या दिवसांत छातीत धडधड होते म्हणून दवाखान्यात आलेली वृद्ध मंडळी माझ्या चांगली लक्षात आहेत. अशा हादऱ्यांपासून जपण्यासाठी यंत्रातले आरसे एकाखाली एक अशा लोलकांवर टांगलेले असतात.

तरीही एका यंत्राने सांगितलेली गोष्ट कोणी खरी मानत नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली गेली, तेव्हा ती अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन इथल्या वेधशाळेत उमटली आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी, तीन हजार किलोमीटरवरच्या हॅनफर्डमध्ये उमटली. दोन्ही ठिकाणी तरंगाचा आकार तोच. एकीकडचा ट्रक दुसरीकडे ऐकू जात नाही, म्हणून विश्वास बसला. पण लहर नेमकी आकाशाच्या कोणत्या भागातून आली, हे सांगायला दोन साक्षीदारही पुरेनात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनाची लहर आली, तोवर इटलीतली ‘व्हर्गो’ वेधशाळा सोबतीला आली होती. व्हर्गोला तो संकेत अगदी क्षीण मिळाला, आणि त्या क्षीणतेवरूनच दिशा कळली. मग जगभरच्या सुमारे सत्तर वेधशाळांनी आपल्या दुर्बिणी त्या दिशेला वळवल्या. तिसऱ्या साक्षीदाराचे जवळजवळ गप्प राहणेही निदानाला उपयोगी पडले.

हे वाचताना मला माझा दवाखानाच आठवला. एकदा मोजलेल्या रक्तदाबावरून आयुष्यभराची गोळी सुरू करायची नसते. दोन्ही हातांना मोजावे, बसवून मोजावे, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजावे, जमल्यास घरच्या यंत्रावर आठवडाभर नोंद ठेवावी. अवघड शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, आणि ते आपल्यापासून दूरच्या, आपल्याशी हितसंबंध नसलेल्या डॉक्टरांचे असावे. साक्षीदार जितके दूरचे आणि जितके स्वतंत्र, तितके निदान पक्के. अमेरिका, इटली आणि जपानच्या वेधशाळांना हिंदुस्थानातली एक हवी आहे, ती याच कारणाने. पृथ्वीच्या या बाजूला साक्षीदार नव्हता.

या सहकार्यात कोण काय देणार, हेही समजून घेण्यासारखे आहे. यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेकडून येणार. जागा, इमारती, निर्वात नळ्यांची व्यवस्था आणि चालवणारी माणसे आपली. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय यांनी ही जबाबदारी वाटून घेतली आहे. आपण केवळ जागा देणारे यजमान आहोत असेही नाही. आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे खपून गोंगाटातून क्षीण संकेत वेगळा काढण्याच्या गणिती पद्धती विकसित केल्या. प्रतीक्षागृहात माणसे बोलत असताना स्टेथोस्कोपमधून हृदयाची कुजबुज ऐकावी, तसे ते काम. पहिल्या शोधाच्या निबंधावर जगभरच्या सुमारे एक हजार शास्त्रज्ञांची नावे होती. त्यांत तीसहून अधिक भारतीय संस्थांमधले होते.

मात्र करार म्हटला की वाट पाहणे आलेच. केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली १७ फेब्रुवारी २०१६ रोजी. त्याच वर्षी ३१ मार्चला दोन्ही देशांचा सामंजस्य करार झाला. पूर्ण मंजुरी आणि सुमारे २,६०० कोटी रुपयांची तरतूद मिळाली ६ एप्रिल २०२३ रोजी. मध्ये सात वर्षे गेली. हेच यंत्र आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केले होते, खर्चाचा मेळ न बसल्याने त्यांनी २०११ मध्ये नकार दिला. आणि २०२५ मध्ये खुद्द अमेरिकेच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात तिथल्या दोन लायगो वेधशाळांपैकी एक बंद करण्याची सूचना आली. सहकार्य ही केवळ सदिच्छेची गोष्ट नसते. दोन देशांची सरकारे, दोन तिजोऱ्या आणि दोन निवडणुका यांच्या तालावर ते चालते. धोरण आखणाऱ्यांनी यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परदेशाचा हात धरावा, पण तो सुटला तरी उभे राहता येईल इतके बळ, म्हणजे आपली माणसे, आपल्या कार्यशाळा आणि आपली तरतूद, घरात असावे. ज्येष्ठांना मी काठीविषयी हेच सांगते. काठी जरूर घ्या, पण पायांचा व्यायाम सोडू नका.

आता त्या आबांच्या गुडघ्याकडे येते. लिगोमुळे त्यांचा गुडघा बरा होणार नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितले. पण ज्या रीतीने जगातल्या वेधशाळा एकमेकींना साक्ष देतात, त्याच रीतीने वार्धक्याचाही अभ्यास चालू आहे, आणि त्याचे एक केंद्र महाराष्ट्रात आहे. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. टाटा न्यास, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या सहकार्यातून ती १९५६ साली स्थापन झाली. या संस्थेने अमेरिकेतल्या हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या साथीने ‘लासी’ नावाचा वार्धक्यविषयक दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत देशभरातल्या पंचेचाळीस वर्षांपुढील ७२,००० हून अधिक व्यक्तींची पाहणी झाली. नुसते प्रश्न विचारले नाहीत. रक्तदाब मोजला, हाताच्या पकडीची ताकद मोजली, चालण्याचा वेग पाहिला. अमेरिका, इंग्लंड, चीन इथल्या अभ्यासांशी तुलना करता येईल अशीच त्याची आखणी आहे.

त्यातूनच स्मृतिभ्रंशाचा वेगळा अभ्यास निघाला. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था त्यात अग्रभागी होती. साठ वर्षांपुढच्या ४,०९६ व्यक्तींची सविस्तर तपासणी झाली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या भारतीयांत शंभरातल्या सुमारे ७.४ व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे देशात जवळपास ८८ लाख माणसांना. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. आमच्यासारख्या जिल्ह्यासाठी हा आकडा कोरडा नाही. ‘म्हातारपणी व्हायचंच, चळ लागला’ असे म्हणून ज्या आजीबाईंना घरात बाजूला बसवले जाते, त्यांना एक आजार आहे आणि त्याला नाव आहे, हे या आकड्याने सरकारी कागदावर आणले. कागदावर आल्याशिवाय तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत स्मृतितपासणी आणि औषधे पोचत नाहीत. धोरण म्हणतात ते शेवटी इथे येऊन टेकते.

सहकार्य म्हणजे परदेशातली पद्धत जशीच्या तशी उचलणे नव्हे, याचा उत्तम दाखला याच विषयात मिळतो. स्मृती तपासण्याच्या पाश्चात्त्य चाचणीत कागदावरची सूचना वाचा, एक वाक्य लिहा, असे प्रश्न असतात. ज्या आजीने कधी पाटीच हाती धरली नाही, ती त्यात नापासच होणार, मग तिची स्मृती कितीही तल्लख असो. हरियाणातल्या बल्लभगढ परिसरात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी एकत्र काम केले तेव्हा ही अडचण पुढे आली, आणि १९९० च्या दशकात त्यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चाचणीचे नवे हिंदी रूप घडवले. वाचायला लावण्याऐवजी ‘मी करतो तसे करा’ असे सांगून डोळे मिटून दाखवायचे. पाहुण्याचे माप आणि घरच्याचे शहाणपण असे जुळले तेव्हा कुठे ती मोजणी खरी ठरली.

माझ्या दवाखान्यात एका सूनबाईंनी सासूबाईंना आणले होते. तारीख विचारल्यावर आजींना सांगता आली नाही, तेव्हा सूनबाईंचा चेहरा उतरला. मी आजींना विचारले, “कोणता सण झाला?” त्या म्हणाल्या, “नागपंचमी झाली की बाई. आता पोळा येईल.” इंग्रजी तारीख त्यांच्या आयुष्यात कधी नव्हतीच, काळाची जाण मात्र शाबूत होती. पुढे तपासणीत त्यांना ऐकू कमी येत असल्याचे आढळले आणि श्रवणयंत्र लावल्यावर बराच फरक पडला. घरातल्या वृद्धांना विसरभोळे ठरवण्यापूर्वी त्यांच्या जगातले प्रश्न विचारून पाहा, आणि कान व डोळे तपासून घ्या.

ज्ञानाची वाट एकाच दिशेने चालते असेही समजू नये. आमच्या भागात शेतात काम करताना विंचवाचा दंश नवा नाही. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर घाला पडून कोकणात पुष्कळ माणसे दगावत. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी बारकाईने नोंदी केल्या. उच्च रक्तदाबावर परदेशात निघालेले प्रॅझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरून पाहिले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. त्यांचे निबंध लंडनच्या ‘द लॅन्सेट’मध्ये छापले गेले, आणि ज्या देशांत असेच विषारी विंचू आहेत तिथल्या डॉक्टरांनाही त्याचा उपयोग झाला. औषध बाहेरून आले, ते वापरण्याचे ज्ञान इथून बाहेर गेले. खरे सहकार्य असे असते. आमच्या नामदेवांचीही पदे पंजाबात गेली आणि गुरू ग्रंथसाहिबात मानाने बसली. देणाऱ्याचे त्यात काही कमी झाले नाही.

पण देवाणघेवाणीत दुबळ्या बाजूचा माणूस भरडला जाऊ शकतो, हेही सांगितले पाहिजे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा एक परदेशी सहकार्याचा प्रकल्प तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत राबवला जात होता. काही मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. मात्र पालकांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांनी संमती दिल्याचे उघड झाले आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती, पण विचारण्याची रीत चुकली. चांगल्या हेतूने केलेल्या कामालाही त्यामुळे डाग लागला, आणि लोकांच्या मनात लशीविषयीच संशय राहिला.

आज परिस्थिती बरीच सुधारली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत परदेशी सहकार्याविषयी स्वतंत्र विवेचन आहे. २०१९ च्या नव्या औषध व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई हा सहभागी व्यक्तीचा हक्क आहे. पण नियम पुस्तकात असून भागत नाही, ते घरात माहीत असावे लागतात.

म्हणून आपल्या घरातल्या वृद्धांना कोणी अभ्यासात किंवा औषधाच्या चाचणीत सहभागी व्हायला सांगितले, तर शांतपणे विचारा. हा अभ्यास कोण करीत आहे, आणि त्याचा खर्च कोण देत आहे? नैतिकता समितीची मंजुरी आहे का? संमतीपत्र मराठीत आहे का, आणि त्याची प्रत आम्हाला मिळेल का? रक्ताचा नमुना देशाबाहेर जाणार असेल, तर कशासाठी? त्रास झाला तर रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा? मधेच थांबावेसे वाटले तर नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही ना? नीट उत्तर देणारा संशोधक या प्रश्नांनी रागावत नाही. आणि उत्तरे घरातल्या तरुणाला नव्हे, ज्यांचे रक्त घेतले जाणार त्या आजी-आजोबांना समजतील अशा भाषेत मिळायला हवीत. जिथे स्मृतिभ्रंशामुळे त्यांना स्वतः ठरवता येत नसेल, तिथे जवळच्या नातलगाने त्यांच्या वतीने, त्यांच्या हिताचा विचार करून ठरवावे.

आणि समाधान झाले, तर जरूर सहभागी व्हा. आज आपण घेत असलेली रक्तदाबाची, मधुमेहाची प्रत्येक गोळी कोणत्या तरी देशातल्या, आपल्याला कधीही न भेटणाऱ्या हजारो माणसांनी असाच दंड पुढे केला म्हणून आपल्यापर्यंत आली. वेधशाळा २०३० च्या सुमारास सुरू व्हावी असे नियोजन आहे. माझ्या कितीतरी रुग्णांना आपण ती पाहू की नाही याची खात्री नाही. तरी त्यांच्यातले बहुतेकजण अजूनही दरवर्षी बांधावर आंब्याचे रोप लावतात, आणि पहिल्या वर्षी त्याला पाणी घालायला नातवंडांना पाठवतात.